कुठल्या पासिंगची गाडी?

मुलांनो, तुमच्या घरच्या गाडीचा नंबर तुम्हांला पाठ आहे ना? असणारच. बाबांचा फोन नंबर एखादे वेळी आठवणार नाही, पण गाडीचा नंबर कसा तोंडावर असतो! मलाही आमच्या नानांच्या स्कूटरचा नंबर झोपेतून उठवून विचारलात तरी सांगता येईल. तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे चार आकडे. पण तो नंबर मी तुम्हांला सांगणार नाही, बरं का! कारण ती स्कूटर अजून रस्त्यावर आहे. ती अजून रस्त्यावर कशी राहिली, तीच हकिगत आज सांगायची आहे. त्यासाठी आधी तुम्हांला माझ्याबरोबर कराडला यावं लागेल.

कराड म्हटलं की पाहुण्यांना प्रीतिसंगम आठवतो. कृष्णा आणि कोयना या दोन नद्या तिथे समोरासमोरून येऊन मिळतात. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. शाळेच्या सहली तिकडे जातात, तुमचीही कधीतरी जाईल. पण आम्हां भावंडांचं कराड दुसऱ्या टोकाला होतं, कोल्हापूर नाक्यावर. पुण्या-मुंबईहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग तिथून जातो. आता त्याचा क्रमांक ४८ आहे, तेव्हा तो ४ होता आणि दोनच पदरी होता. समोरासमोरून दोन ट्रक आले की दोघांनाही जरा बाजूला सरकावं लागे. मी सांगते आहे ते १९८६ सालचं. मी दहा वर्षांची, दादा बारा वर्षांचा.

आमचं घर नाक्याच्या मागच्या गल्लीत होतं. शाळा सुटली, चहा-चपाती झाली की आम्ही दोघं वही-पेन्सिल घेऊन नाक्यावर जायचो. तिथे चिंचेच्या झाडाखाली तात्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, पाण्याचं एक टब, हवेची टाकी, टॉमी, पाने आणि जुन्या टायरांचा ढीग. त्या ढिगावर बसून आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपायचो. दादाकडे पुण्याहून येणाऱ्या गाड्या, माझ्याकडे कोल्हापूरहून येणाऱ्या. महाराष्ट्राच्या गाडीला एक गुण, कर्नाटकच्या गाडीला दोन, गोव्याच्या गाडीला तीन, बाकी कुठल्याही राज्याच्या गाडीला पाच. दिल्लीची मिळाली तर दहा. दिवेलागणीला बेरीज करायची आणि हरेल त्याने दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची सायकल पुसायची. मी पुष्कळदा जिंकायची, कारण गोव्याच्या गाड्या माझ्या बाजूने यायच्या. दादा आजही म्हणतो की ती वाटणीच अन्यायाची होती.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? एमएच म्हणजे महाराष्ट्र, केए म्हणजे कर्नाटक, जीए म्हणजे गोवा, कोणीही ओळखेल. थांबा! तेव्हा तसं नव्हतं. तेव्हाच्या पाटीवर एमएच-११ किंवा एमएच-१२ असा प्रकारच नसायचा. तीन अक्षरं आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे, एवढंच. अक्षरांच्या जोड्या राज्यांना वाटून दिलेल्या होत्या, आणि राज्यांनी त्या आपापल्या जिल्ह्यांना. गोव्याच्या गाडीवर जीडी आणि पुढे आणखी एक अक्षर. गोवा आणि दमण मिळून तेव्हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, म्हणून जीडी. (३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र राज्य झालं, तरी पाट्यांवर ‘डी’ होताच.) केरळचं केएल तेव्हाही केएलच होतं. मुंबईच्या गाड्या तर तुम्हांलाही अजून पाहायला मिळतील. घरी टीव्हीवर सत्तरच्या दशकातला एखादा सिनेमा लागला तर नायकाकडे न बघता त्याच्या फियाटकडे बघा. एमआर किंवा एमएम या अक्षरांनी सुरू होणारी काळी पाटी दिसते का पाहा. हो, पाटी काळी आणि अक्षरं पांढरी! खाजगी गाडीची पाटी तेव्हा तशीच असायची. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं हे नव्या शतकातलं.

पण जिल्हा कसा ओळखायचा? ‘एम’ने सुरू होणारी अक्षरं डझनांनी होती. कुठली तीन अक्षरं सोलापूरची, कुठली ठाण्याची, कुठली जळगावची, याचा तक्ता कुठे लावलेला नसायचा. निदान आम्हांला तरी कधी दिसला नाही. तो तक्ता तात्यांच्या डोक्यात होता. ट्रक अजून पन्नास पावलं लांब असायचा आणि तात्या पाण्यात बुडवलेल्या ट्यूबवरची नजर क्षणभर वर करून म्हणायचे, “नाशिक.” पुढचा, “सांगली.” पुढचा, “हा नांदेडचा दिसतोय. लांबनं आलाय, चाकं बघ त्याची.” आणि पुन्हा ट्यूबमधून बुडबुडे कुठून येतात ते शोधायला लागायचे. तात्या शाळेत चौथीपर्यंतच गेलेले. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत होती की चित्रासारखी ओळखू येत होती, कोण जाणे! पण ड्रायव्हर लोक त्यांना मानायचे. एखादा ट्रक थांबला की तात्या आधी म्हणायचे, “काय पावणं, धुळ्यास्नं निघाला जनू?” आणि ड्रायव्हर चकित! तात्यांनी गावाचं नाव घेतलं की परका माणूस एकदम आपलासा व्हायचा. मग चहा यायचा. पंक्चरचे पैसे मात्र तात्या सगळ्यांकडून सारखेच घ्यायचे.

एकदा आमचं दोघांचं मोठं भांडण झालं. माझ्या बाजूने एक जुनाट लॉरी आली. पाटीवर पहिली दोन अक्षरं एमवाय. मी म्हटलं, कर्नाटक, दोन गुण. कारण लॉरीच्या अंगावर कानडी लिहिलेलं होतं. दादा म्हणाला, “एम आहे, एम म्हणजे महाराष्ट्र. एक गुण!” वही ओढाओढीत फाटली. शेवटी तात्यांकडे खटला गेला. तात्या म्हणाले, “पोरगी बरोबर हाय. म्हैसूरचा हाय तो.” आता म्हैसूर कुठून आलं मध्येच? रात्री नानांनी उलगडून सांगितलं. आपण ज्याला कर्नाटक म्हणतो त्या राज्याचं नाव १९७३ पर्यंत म्हैसूर होतं. राज्याचं नाव बदललं, पण लॉरीची पाटी कोण बदलणार? ती जुनंच नाव घेऊन रस्त्याने हिंडत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की इतिहासाच्या पुस्तकातली एखादी गोष्ट आपल्या नाक्यावरून डिझेलचा धूर सोडत जाऊ शकते.

तशीच दुसरी गंमत ‘बी’ची. १ मे १९६० पर्यंत महाराष्ट्र आणि गुजरात मिळून मुंबई राज्य होतं, आणि इंग्रजीत मुंबईला बॉम्बे म्हणत. त्यामुळे त्या काळातल्या गाड्यांच्या पाट्या ‘बी’ने सुरू व्हायच्या. आमच्या लहानपणी अशा गाड्या विरळाच. एखाद्या साखर कारखान्याची जीप, एखादा म्हातारा ट्रक. आम्ही ‘बी’ला वीस गुण ठेवले होते. दोन वर्षांत तसे वीस गुण मला एकदाच मिळाले, तेही एका बंद पडलेल्या आणि दोरीने ओढून नेत असलेल्या गाडीचे. ओढून नेलेली गाडी धरायची की नाही, यावर पुन्हा खटला!

आणि मग १९८९ साल आलं. त्या वर्षी १ जुलैपासून देशभर नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि त्याबरोबर नंबर देण्याची नवी पद्धत आली. राज्याची दोन अक्षरं, मग कचेरीचा दोन आकडी क्रमांक, मग गाडीचा नंबर. सातारा जिल्ह्याच्या वाट्याला ११ आला. पहिली एमएच-११ पाटी मी नाक्यावर पाहिली ती एका कोऱ्या करकरीत स्कूटरवर. मी ओरडत तात्यांकडे पळाले, “तात्या, आपला नंबर अकरा!” तात्यांनी स्कूटरकडे पाहिलं. “हां,” म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “म्हंजी आता शेंबडं पोरगं बी सांगंल, गाडी कुटली.”

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मला ते बोलणं गमतीचं वाटलं आणि मी हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. जुन्या पाट्या एका दिवसात गेल्या नाहीत, तात्यांनाही पुढे कितीतरी वर्षं ‘हा अमुक, तो तमुक’ म्हणता येत होतं. पण विचारणारं कोणी राहिलं नाही. आम्हीसुद्धा नाही. आम्ही आता नवे आकडे पाठ करण्यात गुंग होतो.

ते आकडे पाठ करायची एक सोपी युक्ती आहे. महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि बोट मुंबईवर ठेवा. ०१, ०२, ०३ मुंबई. तिथून ०४ ठाणे, ०५ कल्याण. खाली उतरलात की ०६ रायगड, म्हणजे पेणची कचेरी. मग बोट रत्नागिरीवरून उडी मारून थेट ०७ सिंधुदुर्गला जातं आणि मागे वळून ०८ रत्नागिरीला येतं. असं का, ते विचारू नका. उडी मारायला लागते खरी. रत्नागिरीहून आंबा घाट चढलात की ०९ कोल्हापूर. आता महामार्ग धरा. १० सांगली थोडी बाजूला, ११ सातारा, १२ पुणे. पुण्याहून १३ सोलापूर गाठायचं आणि पुन्हा १४ पिंपरी-चिंचवडला परत यायचं. मग १५ नाशिक, १६ अहिल्यानगर, १७ श्रीरामपूर, १८ धुळे, १९ जळगाव. २० पासून २६ पर्यंत मराठवाडा: छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड. २७ अमरावतीला विदर्भात शिरलात की ३१ नागपूर, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर करत ३६ ला भंडारा. त्यापुढचे आकडे मागाहून पंगतीला बसलेल्यांचे: ३७ वाशिम, ३८ हिंगोली, ३९ नंदुरबार, ४१ मालेगाव, ४२ बारामती, ४३ नवी मुंबई. वरच्या यादीतल्या तीन शहरांची नावं २०२३ आणि २०२४ मध्ये बदलली, पण २०, २५ आणि १६ हे आकडे होते तसेच राहिले.

एसटीच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही हं! सातारा-कराड गाडीवर एमएच-१२ किंवा एमएच-१४ दिसलं म्हणून ‘पुण्याची गाडी’ म्हणाल तर फसाल. एसटीच्या गाड्या बांधण्याच्या तीन मोठ्या कार्यशाळा: पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. गाडी जिथे बांधली तिथल्या कचेरीत तिची नोंद व्हायची. म्हणून कोकणातल्या लाल मातीत धावणाऱ्या एसटीवरही एमएच-२० दिसतो. ती बिचारी जन्माने मराठवाड्याची आणि नोकरीला कोकणात!

मीही अशीच घरापासून लांब गेले होते. १९९४ साली शिकायला नागपूरला. कराड स्टेशनवर महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले तेव्हा काही वाटलं नाही, पण वसतिगृहातला पहिला महिना रडण्यात गेला. बोलणं वेगळं, जेवण वेगळं, ऊन तर विचारूच नका. एका सकाळी मैत्रिणीबरोबर कॉटन मार्केटला भाजी आणायला गेले होते. पोती उतरवत असलेल्या ट्रकांची रांग लागलेली. सगळीकडे ३१, ३१, ३१, मध्येच एखादा २७, एखादा मध्य प्रदेशचा. सवयीने मी वाचत चालले होते. आणि एका ट्रकच्या मागच्या फळीवर, चिखलाने अर्धी झाकलेली पाटी: एमएच-११.

मी तिथेच उभी राहिले. मैत्रीण म्हणाली, “काय झालं वो?” मला बोलताच येईना. क्लीनर पोरगा पोत्यावर बसून बिडी ओढत होता, त्याने ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी विचारलं, “तुम्ही साताऱ्याचे का?”

“उंब्रजचा. तू कुटली गं पोरी?”

“कराड. कोल्हापूर नाका.”

“आगं तिच्या! म्हंजी तात्याच्या दुकानाम्होरची?”

पुढचं काय सांगू? उंब्रज म्हणजे कराड-साताऱ्याच्या वाटेवरचं गाव, आमच्या नाक्यावरून जाणं-येणं रोजचंच. ट्रकमध्ये आपल्याकडचं आलं भरलेलं होतं. त्यांनी ओंजळभर आलं माझ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाले, “चहात घालून पी. पाणी सोसत नसंल तुला हिथलं.” नानांना निरोप सांगितला तर ते तो खरंच पोचवून आले, हे मला पुढच्या पत्रातून कळलं. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. मला ते अजून ‘एमएच-११ वाले काका’ म्हणूनच आठवतात.

म्हणून परवा-परवा कराडला गेले तेव्हा जरा चुकल्यासारखं झालं. नाका ओळखू येत नाही. चिंचेचं झाड नाही, तात्या तर जाऊनच वीस वर्षं झाली. आणि पाट्यांवर ११ कमी, ५० जास्त! कराडची वेगळी कचेरी झाली, तिला एमएच-५० मिळाला. लोकांची केवढी सोय झाली, पूर्वी गाडीच्या कामासाठी सुमारे ५० किलोमीटरवर साताऱ्याला जावं लागे. तरुण मुलं आता ५० वर तितकंच प्रेम करतात जितकं आम्ही ११ वर करायचो. काहीजण तर तो आकडा शर्टावर छापून घेतात. ते ठीकच आहे. मी मात्र अजून ११ शोधते.

आता नानांच्या स्कूटरकडे येऊ. स्कूटर १९८४ ची, म्हणजे जुन्या पद्धतीची, तीन अक्षरांची. पाटी हाताने रंगवलेली. रंगारीकाकांनी खडूच्या दोऱ्याने दोन रेघा मारून घेतल्या आणि त्यांच्या मध्ये बसवून अक्षरं काढली, तेव्हा मी नानांचं बोट धरून शेजारी उभी होते. सातच्या आकड्याला त्यांनी मध्ये एक बारीकशी आडवी दांडी दिली होती. नाना म्हणाले, “हे कशाला?” तर म्हणाले, “शोभतंय.” नाना २०११ मध्ये गेले. त्यानंतर दादाने दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवत ती स्कूटर चालू ठेवली. मंडईपर्यंत जाते, परत येते, मध्ये एकदा थांबते.

पण तुम्हांला ठाऊक असेल, १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एक खास सुरक्षित पाटी लावूनच देतात. ॲल्युमिनियमची, डाव्या कोपऱ्यात चकाकणारं अशोकचक्र, त्याखाली निळ्या रंगात भारताची तीन इंग्रजी अक्षरं, आणि एकदा बसवली की मोडल्याशिवाय न निघणारी कडी. गाड्या चोरून पाट्या बदलणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हे. २०२५ मध्ये महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती बसवून घ्यायची मोहीम निघाली. दादाने संगणकावर स्कूटरचा नंबर टाकला. उत्तर आलं: नोंद सापडत नाही.

पुन्हा टाकला. नाही. एका कचेरीत गेला, तिथून दुसऱ्या खिडकीवर, तिथून ‘पुढच्या आठवड्यात या’. जुन्या वह्यांमधल्या नोंदी संगणकात चढवताना आमची राहून गेली होती. म्हणजे सरकारी यंत्राच्या दृष्टीने नानांची स्कूटर कधी नव्हतीच! तीन हेलपाटे झाल्यावर दादा वैतागला. रात्री जेवताना म्हणाला, “चाळीस वर्षांची झाली. भंगारात देऊन टाकू. मिळतील ते मिळतील.” आई काही बोलली नाही. तिने ताटातली भाकरी तेवढी अर्धी ठेवली.

मी त्या आठवड्यात कराडलाच होते. सकाळी उठून पाहते तर आई माळ्यावरच्या ट्रंकेत डोकं घालून बसलेली. तासाभराने तिने एक तेलकट कापडी पिशवी काढली. आत स्कूटरचं मूळ आरसी बुक, खरेदीची पावती, आणि नानांनी भरलेल्या प्रत्येक कराची पावती, सालवार टाचलेली. ती पिशवी घेऊन मी आणि दादा चौथ्यांदा गेलो. या वेळी टेबलामागे निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी पुस्तक उघडलं, तीन अक्षरं पाहिली आणि वर बघून हसले. “अरे! ही तर आपल्या जुन्या सीरिजची. ही कपाटं नव्हे, त्या मागच्या खोलीत वही असेल.” मला एकदम चिंचेखालचं टब आणि त्यातले बुडबुडे दिसले. वही सापडायला पुढे दहा दिवस लागले, पण सापडली. चौऱ्याऐंशी सालच्या निळ्या शाईत नानांचं नाव, पत्ता, आणि तो नंबर.

नवी पाटी आली. पांढरी स्वच्छ, चकाकणारं चक्र, आणि त्यावर तीच जुनी तीन अक्षरं! एमएच नाही, ११ नाही, ५० नाही. सातला दांडीही नाही. बसवणाऱ्या मुलाने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “मॅडम, ही कुठल्या राज्याची गाडी?”

माझी भाची बारा वर्षांची आहे. तिने आमचा खेळ पुन्हा सुरू केला आहे, मात्र तिचे नियम निराळे. २०१४ मध्ये तेलंगण झालं तेव्हा त्याच्या गाड्यांवर टीएस होतं आणि २०२४ पासून टीजी आलं, म्हणून टीएसला आणि टीजीला ती वेगळे गुण देते. लडाखच्या एलएला पन्नास. आणि बीएच म्हणजे भारत मालिकेला शून्य! ही मालिका २०२१ मध्ये निघाली, नोकरीसाठी राज्याराज्यांत बदली होणाऱ्यांच्या सोयीची. पाटी बघून गाव सांगताच येत नाही, म्हणून शून्य, असं तिचं म्हणणं. तात्यांनी तिला लगेच दुकानात बसवून घेतलं असतं.

परवा संध्याकाळी आम्ही तिघं स्कूटर घेऊन पेट्रोल भरायला गेलो. तिने वही काढली आणि आमच्याच गाडीचा नंबर लिहिला. दादा म्हणाला, महाराष्ट्राची आहे, एक गुण. ती म्हणाली, असली पाटी अख्ख्या रस्त्यावर दुसरी दाखवा, वीस गुण. माझ्याकडे निकाल मागितला तर मी तिच्या बाजूने दिला. दादाने वही हिसकावली, पान फाटलं, आणि भांडण अजून मिटलेलं नाही.